कापलेले नाक आणि नकोसे नाक : सौंदर्यशस्त्रक्रिया, आत्मसन्मान व मानसिक आरोग्य यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठी भाषेत नाक हा केवळ एक अवयव नाही. अब्रू गेली की नाक कापले जाते, शरण जायचे तर नाक घासावे लागते, ताठा मिरवायचा तर ते वर करून चालता येते. आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. चेहऱ्याच्या मध्यभागी असलेल्या या अवयवावर समाजाने प्रतिष्ठेचा एवढा भार टाकला आहे की, शस्त्रक्रियेने रूप बदलण्याचा इतिहास हा बव्हंशी नाकाचाच इतिहास ठरतो.

आज सौंदर्यशस्त्रक्रियेच्या समर्थनार्थ सर्वांत आधी पुढे केले जाणारे कारण मानसिक असते. रूप सुधारले की न्यूनगंड जातो, आत्मविश्वास वाढतो आणि माणूस समाजात मोकळेपणाने वावरू लागतो, असे सांगितले जाते. या विधानाचा खरेखोटेपणा मानसशास्त्रज्ञ गेली अनेक दशके तपासत आले आहेत. परंतु हे विधान प्रथम केव्हा, कोणी आणि कोणत्या गरजेपोटी केले, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मन बरे करण्यासाठी शरीर बदलावे हा युक्तिवाद रुग्णांच्या अनुभवातून जितका आला, तितकाच तो शल्यचिकित्सकांच्या नैतिक अडचणीतूनही आला. जेथे दुःखाचे मूळ इतरांच्या नजरेत होते, तेथे शस्त्रक्रियेने माणूस समाजात परत आणला. जेथे ते मूळ माणसाच्या स्वतःच्या नजरेत होते, तेथे तिचा उपयोग क्वचितच झाला. या दोन नजरांमधील सीमारेषा नेहमी स्पष्ट दिसत नाही, हीच या विषयातील खरी अडचण आहे.

पुण्याचा कुंभार आणि लंडनचे मासिक

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मराठे व इंग्रज टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र लढत होते. या युद्धात १७९२ साली इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव कावसजी असे दिले आहे; ते पारशी वाटते, परंतु त्याची जात मात्र स्पष्टपणे मराठा शेतकऱ्याची सांगितली आहे. एखाद्या मराठी नावाची इंग्रज कानाने केलेली ही मोडतोड असावी. सुमारे वर्षभर हा मनुष्य नाकाविना वावरला. त्यानंतर पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा भाजण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, १७९४ च्या जानेवारीत, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. सवाई माधवराव व नाना फडणीस यांना एकत्र रंगविणारा वेल्स तो हाच. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात या शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन करणारे पत्र प्रसिद्ध झाले.

पत्रातील कृतीचे वर्णन इतके नेमके आहे की, लिहिणाऱ्याला त्या कारागिराच्या हाताचे कौतुक वाटले असले पाहिजे. मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकाच्या बुंध्यावर ठेवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा व त्याभोवती रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलून काढायची, मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधोमध तिचा एक पट्टा जोडलेलाच ठेवायचा, म्हणजे तिचा रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवायची, जुन्या व्रणाची कड ताजी करून त्यात ती बसवायची आणि त्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या ठेवायच्या. टाके नाहीत. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला पट्टा कापून टाकायचा. ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते आणि कपाळावरचा व्रणही काळाने फारसा दिसेनासा होतो, असा निर्वाळा पत्रलेखकाने दिला आहे.

ही विद्या एका रात्रीत उगवलेली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाच्या पाळीची दुरुस्ती व गालाच्या कातडीने नाक जोडण्याचा विधी सांगितला आहे. कपाळाची कातडी वापरण्याची पद्धत नंतरची. सतराव्या शतकात मनुची या इटालियन प्रवाशाने विजापूरकडील शल्यकर्मींची अशीच कृती नोंदविली आहे, आणि हिमालयातील कांगडा येथेही काही घराण्यांत ती चालत असे. ग्रंथातील वैद्य आणि भट्टीवरचा कारागीर यांच्यामध्ये विद्येचा प्रवास कसा झाला असेल, याचे उत्तर जातिव्यवस्थेच्या इतिहासात शोधावे लागेल. शरीराला स्पर्श करणे, रक्तात हात घालणे ही कामे ग्रंथधारकांकडून सुटत गेली आणि माती मळणाऱ्या हातांत ती टिकली, एवढे मात्र म्हणता येईल.

या पत्रात कावसजीच्या मनाविषयी एक अक्षर नाही. तरीही मानसिक आरोग्याच्या दृष्टीने हे प्रकरण बोलके आहे. त्याचा हातही गेला होता आणि हाताअभावी शेतकऱ्याचे पोट अडते. नाकाअभावी ते अडत नाही. तरीसुद्धा वर्षभर थांबून, वेदना सोसून, कपाळ सोलून घेण्यास तो तयार झाला. हात परत मिळणे शक्य नव्हते हे खरे. पण नाक परत मिळवण्याची निकड पोटाची नव्हती. नाक कापणे ही तत्कालीन समाजात चोराची, शत्रूची आणि व्यभिचाराचा आळ आलेल्या स्त्रीची शिक्षा होती. नकटा मनुष्य जेथे जाईल तेथे त्याचा चेहरा त्याच्याआधी एक गुन्हा सांगत असे, मग तो त्याने केलेला असो वा नसो. कुंभाराने पुसला तो हा बोलणारा कलंक. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनागढचे त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी दरोडेखोरांनी कापलेली शंभरावर नाके जोडली व १८८९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. इंदूरच्या रेसिडेन्सीतील सर्जन कीगन यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील रुग्णांत तर नवऱ्यांनी नाक कापलेल्या स्त्रियांचाच भरणा होता. या स्त्रियांचे दुःख मनाचा आजार म्हणून नोंदविण्याची कोणाला गरज भासली नाही. ते सर्वांना उघड दिसत होते.

युरोपात मात्र मनाचा उल्लेख फार आधी आला होता. बोलोन्या येथील गास्पारे तालियाकोत्सी यांनी १५९७ साली दंडाच्या कातडीने नाक बनविण्यावर ग्रंथ लिहिला. तलवारीच्या द्वंद्वात आणि उपदंशाच्या रोगात तेथे नाके जात असत, आणि उपदंशामुळे नकटेपणाला अनीतीचा वास चिकटला होता. आपण हे काम डोळ्यांच्या सुखासाठी नव्हे तर पीडिताच्या खचलेल्या चित्ताला उभारी देण्यासाठी करतो, असे तालियाकोत्सींनी आवर्जून सांगितले. त्यांना हे सांगावे लागले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ईश्वराने दिलेल्या रूपात ढवळाढवळ केल्याच्या आक्षेपापुढे ‘मन’ ही ढाल तेव्हाच पुढे आली होती. पुण्याच्या पत्रानंतर लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली भारतीय पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि बर्लिनचे ग्रेफे यांनी १८१८ च्या आपल्या ग्रंथाने या शाखेला नाव दिले.

निरोगी शरीराला सुरी का लावावी?

येथपर्यंतचा इतिहास गेलेले परत देण्याचा आहे. १८४६ नंतर भूल आणि १८६७ नंतर जंतुनाशन आल्यामुळे सुरीची भीती कमी झाली आणि एक नवा रुग्ण दारात उभा राहिला. त्याचे नाक शाबूत होते. ते त्याला नकोसे होते. अमेरिकेत रोचेस्टर येथील जॉन रो यांनी १८८७ साली बसके नाक नाकपुडीच्या आतून, बाहेर व्रण न ठेवता सुधारण्याची कृती प्रसिद्ध केली. परंतु या नव्या रुग्णाच्या मनाचा प्रश्न सर्वांत धीटपणे मांडला तो बर्लिनच्या याक योसेफ यांनी.

योसेफ ज्यू होते आणि विद्यार्थिदशेतील जर्मन द्वंद्वाचे वार स्वतःच्या चेहऱ्यावर मिरवीत असत. १८९६ साली त्यांच्याकडे एका मुलाला आणण्यात आले. पुढे आलेल्या कानांवरून वर्गातील मुले त्याला इतकी छळत की तो शाळेत जायला तयार नव्हता. योसेफ यांनी त्याचे कान मागे बसविले. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि योसेफ यांची नोकरी गेली. ते ज्या अस्थिरोग चिकित्सालयात साहाय्यक होते तेथील प्रमुखांच्या मते केवळ रूपासाठी निरोगी शरीर कापणे वैद्यकीला शोभणारे नव्हते. १८९८ मध्ये त्या मुलाची गोष्ट ऐकून एक तरुण आला. त्याचे नाक मोठे होते. लोक वळून पाहतात, हसतात, म्हणून त्याने समाजात मिसळणे सोडले होते. योसेफ यांनी नाक लहान केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनच्या वैद्यकीय सभेपुढे हे प्रकरण मांडले. त्यांच्या निवेदनाचा भर नाकाच्या मापांवर नव्हता, रुग्णाच्या वागण्यावर होता. तो आता लोकांत जातो, त्याचे औदासीन्य गेले आहे, कोणी त्याच्याकडे पाहत नाही याचा त्याला आनंद आहे, असे त्यांनी सांगितले.

आधुनिक सौंदर्यशस्त्रक्रियेचा पाया येथे घातला गेला असे म्हणता येईल, कारण योसेफ यांनी रोगाची जागाच बदलली. शरीर निरोगी आहे हे मान्य. रोग मनात आहे आणि त्याचे औषध शरीरावर आहे. या मांडणीमुळे सुरी पुन्हा वैद्यकीच्या मर्यादेत आली. मुलाच्या बाबतीत ती पटतेही. तथापि मुलाला छळणारी मुले रोगी ठरत नाहीत, छळला जाणारा मुलगा ठरतो, ही या मांडणीतली खोच तेव्हाही होती.

सँडर गिलमन या इतिहासकाराने योसेफ यांच्या कार्याचा अर्थ लावताना तत्कालीन बर्लिनमधील ज्यूविरोधी वातावरणाकडे लक्ष वेधले आहे. त्या काळच्या वंशशास्त्राने ‘ज्यू नाक’ नावाची एक कल्पना रूढ केली होती आणि योसेफ यांच्याकडे येणाऱ्या अनेकांना सुंदर व्हायचे नव्हते, नजरेतून निसटायचे होते. गर्दीत एक होऊन जाणे हेच त्यांचे सुख होते. ही इच्छा विकृती म्हणता येत नाही. ती परिस्थितीचे अचूक आकलन होती. पण तिच्या मर्यादा इतिहासाने फार क्रूरपणे दाखविल्या. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे ठरविले ते आजी-आजोबांच्या धर्माच्या नोंदींवरून, चेहऱ्यावरून नव्हे. नाक बदललेल्यांना त्या नाकाने काहीही वाचविले नाही. स्वतः योसेफ १९३४ च्या फेब्रुवारीत निवर्तले होते.

आरसे नसलेले वॉर्ड

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी उद्ध्वस्त होऊ लागले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरॉल्ड गिलीज यांच्या आग्रहावरून १९१७ साली इंग्लंडमधील सिडकप येथे केवळ चेहऱ्याच्या जखमींसाठी रुग्णालय उघडले. तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. नाकासाठी वापरलेल्या पद्धतींत कपाळाच्या कातडीची ‘भारतीय पद्धत’ही होती. या रुग्णालयाच्या वॉर्डांत आरसे ठेवू देत नसत. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाकांना निळा रंग दिला होता. त्यांवर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून दचकू नये, अशी ती ग्रामस्थांना सूचना होती. सूचना दयाबुद्धीची होती, पण निळ्या बाकावर बसणाऱ्याला आपला चेहरा दचकण्याजोगा आहे हे रोज कळत असे.

दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच आप्त आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी याच्या उलट मार्ग निवडला, आणि या संपूर्ण इतिहासातला सर्वांत शिकण्याजोगा प्रयोग तो हाच होय. ईस्ट ग्रिन्स्टेड येथील रुग्णालयात जळालेले वैमानिक येत. पापण्या, ओठ, बोटे गेलेल्या विशी-पंचविशीतील तरुणांवर वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया चालत. मॅकिंडो यांनी त्यांना रुग्णाचे कपडे घालायला लावले नाही. स्वतःचा गणवेश घालू दिला. वॉर्डात बिअरचे पिंप ठेवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते गावकऱ्यांशी बोलले : ही मुले तुमच्या दुकानांत, चित्रपटगृहांत येतील, त्यांच्याकडे टक लावून पाहू नका, तोंडही फिरवू नका, त्यांना घरी जेवायला बोलवा. गावाने ते ऐकले. न टवकारणारे गाव अशी त्याची ख्याती झाली. १९४१ मध्ये या रुग्णांनी स्वतःला थट्टेने प्रयोगशाळेतील प्राणी म्हणवून घेत ‘गिनी पिग क्लब’ स्थापन केला. युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सदस्य झाले.

या तरुणांचे चेहरे पूर्ववत झाले नव्हते. छायाचित्रांत कलमांच्या शिवणी स्पष्ट दिसतात. तरीही त्यांच्यातील अनेकांनी लग्ने केली, व्यवसाय केले आणि दशकानुदशके मेळावे भरविले. आत्मसन्मान परत येण्यासाठी रूप निर्दोष व्हावे लागते, या समजुतीला याहून चांगला प्रतिवाद मिळणे कठीण. अर्थात सुरीशिवाय हे घडले असते असेही नाही. पापणी मिटणे, ओठांनी पेला धरता येणे यांवरच माणसांत बसणे अवलंबून होते. मॅकिंडो यांनी सुरी चेहऱ्यावर चालविली आणि उपचार गावावर केला.

गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी हीच विद्या महाराष्ट्रात एका वेगळ्या नजरेविरुद्ध वापरली. १९५० च्या दशकात पुण्याजवळच्या कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले; पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. डॅप्सोन या औषधामुळे कुष्ठरोग बरा होऊ लागला होता, पण बसलेले नाक तसेच राही. जंतू गेले तरी चेहरा रोगाची ग्वाही देत राही आणि घरचे दार उघडत नसे. नाकाच्या आत कातडीचे अस्तर लावून ते उचलण्याची गिलीज यांची पद्धत अंतियांनी या रुग्णांसाठी राबविली. कावसजीच्या प्रकरणाशी या रुग्णांचे नाते जवळचे आहे. दोघांच्याही चेहऱ्यावर न केलेल्या गुन्ह्याची खूण होती. पुढे अंतियांचे लक्ष शस्त्रक्रियेकडून ग्रामीण सार्वजनिक आरोग्याकडे वळले आणि त्यांनी १९७५ मध्ये त्या कामासाठी संस्था स्थापन केली.

न्यूनगंडाची बाजारपेठ

युद्धाने शल्यचिकित्सकांना कौशल्य आणि प्रतिष्ठा दोन्ही दिली; शांतताकाळात या दोहोंना काम हवे होते. अमेरिकेत ते काम मिळवून देणारा शब्द व्हिएन्नाहून आला. आल्फ्रेड ॲडलर यांनी १९०७ साली शारीरिक उणिवा आणि त्यांची मनाने केलेली भरपाई यांवर लेखन केले होते. त्यातून विकसित झालेली न्यूनगंडाची कल्पना १९२० च्या दशकात त्यांच्या अमेरिकेतील व्याख्यानांबरोबर घरोघर पोहोचली. ॲडलर यांचा भर माणूस उणिवेवर मात कशी करतो यावर होता. त्यांच्या संज्ञेचा वापर मात्र उणीव कापून टाकण्याच्या समर्थनार्थ झाला. अमेरिकन सौंदर्यशस्त्रक्रियेचा इतिहास १९९७ मध्ये ग्रंथरूपाने लिहिणाऱ्या एलिझाबेथ हायकेन यांनी या संज्ञेने व्यवसायाला दिलेल्या आधाराचे सविस्तर विवेचन केले आहे. ज्या शल्यचिकित्सकांना सौंदर्यविक्रेते म्हणवून घ्यायचे नव्हते, त्यांना या एका शब्दाने मनोरोगचिकित्सकाच्या पंक्तीला बसविले. सुरकुती, लहान हनुवटी, मोठे नाक या साऱ्यांना आता एकच निदान लागू पडत होते, आणि निदान रुग्ण स्वतःच करून येत होता.

या मांडणीला पहिला मोठा तडा आतूनच गेला. न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९३० च्या दशकात नव्या चेहऱ्यांबरोबर येणाऱ्या नव्या आयुष्यांविषयी उत्साहाने लिहिले होते. १९६० साली आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांचा सूर बदललेला दिसतो. काही रुग्णांचे व्यक्तिमत्त्व शस्त्रक्रियेनंतर पालटते. पण काहींच्या चेहऱ्यात ठळक सुधारणा होऊनही ते आरशात पाहून काहीच बदलले नाही असे म्हणतात, हे त्यांनी नोंदविले. बाह्य चेहऱ्यामागे आणखी एक मानसिक चेहरा असतो आणि तेथे सुरी पोहोचत नाही, या निष्कर्षाला ते आले. पुस्तक लाखोंनी खपले व आत्मविकासाच्या पुस्तकांचा एक आद्य नमुना ठरले. शल्यचिकित्सकाची कबुली त्या यशात बरीचशी विसरली गेली.

स्वतःच्या नजरेतले व्यंग

माल्ट्झ यांना भेटलेल्या रुग्णाचे नाव वैद्यकीला नवे नव्हते. इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्येच ‘डिस्मॉर्फोफोबिया’ हा शब्द घडविला होता. आपण कुरूप आहोत वा होत आहोत या विचाराने पछाडलेला, वारंवार आरसा पाहणारा, कोणाच्याही समजावणीने न मानणारा हा रुग्ण. फ्रॉइड यांचा ‘वुल्फ मॅन’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेला रुग्ण पुढे याच छायेत सापडला. नाकावर केलेल्या एका क्षुल्लक उपचाराने आपले नाक कायमचे बिघडले, ही समजूत त्याला सोडीना. रस्त्याने जाताना तो खिशातला आरसा काढून नाक पाहत असे. रूथ मॅक ब्रन्सविक यांनी १९२८ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला १९८७ साली ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ हे स्वतंत्र नाव मिळाले आणि २०१३ च्या आवृत्तीत तो कृतिभ्रमाशी संबंधित विकारांच्या गटात गेला. सर्वसामान्य लोकसंख्येत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के धरले जाते. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत ते त्याच्या कित्येक पट आढळते. शस्त्रक्रियेने या रुग्णांचा त्रास बहुधा कमी होत नाही. कधी तो एका अवयवावरून दुसऱ्यावर सरकतो, कधी शल्यचिकित्सकावरच उलटतो.

प्रश्न उरतो तो या विकाराच्या कक्षेत न बसणाऱ्या बहुसंख्यांचा. येथे पुरावा दोन दिशांना ओढतो. जर्मनीत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रथमच सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतलेल्या ५४४ व्यक्तींची तुलना, इच्छा असूनही ती न करून घेतलेल्या २६४ व्यक्तींशी केली गेली. वर्षभराने पहिल्या गटात चिंता कमी व आत्मसन्मान अधिक आढळला. याउलट नॉर्वेत सुमारे १,६०० तरुणींचा १३ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ७८ जणींनी या काळात सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतली. नैराश्य, चिंता व स्वतःला इजा करण्याचा पूर्वेतिहास असलेल्या मुली शस्त्रक्रियेकडे अधिक वळल्या होत्या, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटात ही लक्षणे इतरांपेक्षा अधिक वाढली.

सर्वांत अस्वस्थ करणारी आकडेवारी सिलिकॉन स्तनरोपणाची आहे. १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पहिले रोपण झाले. पुढे या रोपणांनी शरीराला अपाय होतो का, या प्रश्नावर खटले झाले, १९९२ मध्ये अमेरिकन शासनाने त्यांवर निर्बंध घातले व २००६ मध्ये ते उठविले. शारीरिक अपाय शोधण्यासाठी केलेल्या मृत्युनोंदींच्या अभ्यासांतून अनपेक्षित गोष्ट पुढे आली. स्वीडनमधील ३,५२१ स्त्रियांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपेक्षित ५.२ आत्महत्यांच्या जागी १५ आढळल्या. पुढील अभ्यासाने दाखविले की हा वाढीव धोका रोपणानंतरच्या पहिल्या दशकात दिसत नाही, नंतर दिसतो. रोपणामुळे आत्महत्या होतात असा याचा अर्थ लावणे चूक ठरेल. शस्त्रक्रियेपूर्वीच काही स्त्रियांच्या मनात असलेले दुखणे शस्त्रक्रियेने गेले नाही, असे अनुमान अधिक सयुक्तिक आहे. मात्र वर्षभरात मोजलेला आत्मसन्मान हा पुरेसा पुरावा नव्हे, एवढे या आकड्यांवरून स्पष्ट होते. योसेफ यांनी बर्लिनच्या सभेपुढे आणलेला आनंदी तरुण दहा वर्षांनी कसा होता, हे त्या सभेने विचारले नव्हते.

मग मन दुखावलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया नाकारावी काय? जॉन्स हॉपकिन्स येथे मिल्टन एजर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली, व्यंग किरकोळ असूनही शस्त्रक्रिया मागणाऱ्या ९८ रुग्णांचा मनोविकारतज्ज्ञांबरोबर अभ्यास केला आणि त्यांतील बहुतेकांत मानसिक विकाराचे निदान झाले. एजर्टन यांनी म्हणून त्यांना दार लावून घेतले नाही. १९९१ मध्ये त्यांनी मानसिक दृष्ट्या अस्वस्थ अशा १०० रुग्णांचा वृत्तांत दिला. शल्यचिकित्सक व मनोचिकित्सक यांनी मिळून, आधी व नंतर दीर्घकाळ साथ देऊन त्यांच्यावर उपचार केले होते आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुसंख्यांना लाभ झाला. या वृत्तांताचा आधार घेऊन शस्त्रक्रिया मनाला उपकारक आहे असे सांगणारे पुष्कळ. पण तो लाभ सुरीचा किती आणि सुरीशेजारी वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या माणसाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. विद्यापीठाच्या रुग्णालयात अशी दोन माणसे एका टेबलाशी बसू शकली. शहरांतील खाजगी सौंदर्यचिकित्सालयांत, जेथे रुग्ण आज येतो आणि पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन जातो, तेथे दुसऱ्या खुर्चीचा खर्च कोणी धरलेला नसतो.